तुझं विरजण वहिनीकडे

माय, हे तुला पोचणार नाही एवढं मला कळतं. चौथीच शिकले असले तरी तितकी अडाणी नाही. पण बोलायचं आहे ते तुझ्याशीच, आणि तोंडाने बोलायला गेलं की तुझे जावई म्हणतात, कोणाशी पुटपुटतेस, गिऱ्हाईक उभं आहे. म्हणून लिहिते. भजी बांधायला रद्दी येते, त्यात कधी कोरे कागद निघतात, ते बाजूला काढले. लिहिताना हातातून शाळेतलीच भाषा येते. आपली बोली कागदावर कशी उतरवायची ते मास्तरांनी शिकवलंच नाही. तू बोललीस तेवढं मात्र तसंच्या तसं लिहीन. चुकलं तर चुकलं, तू काही तपासायला येत नाहीस.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सरळ जाईल. वहिनीवर मी अजून जळते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या पोरीचं लग्न झालं, माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी जळते. लोक म्हणतात वय झालं की माणूस निवतो. मी नाही निवले.

आपल्या घरातली सकाळ मला आजही दिसते. तू चुलीपुढे बसलेली आहेस. तव्यावर गव्हाची पोळी आहे, ती भावाची. त्याला शाळेत जायचं असतं, तो मुलगा आहे, त्याच्या पोळीवर तूप आहे. माझ्यापुढे तू गाडगं सरकवतेस. त्यात आदल्या दिवसाची उरलेली दादर ज्वारीची भाकर, चुरून ताकात भिजत टाकलेली. सकाळपर्यंत ती फुगून आंबूस झालेली असते. वर मीठ, बाजूला कांदा. असला तर ठेचा. तू माझ्याकडे बघतही नाहीस. गाडगं जमिनीवरून सरकवतेस, ते घासत येतं, त्याचा आवाज येतो. मी म्हणते, मला पण पोळी. तू म्हणतेस, "तुले काय शे? तू दगड खाशी तरी पची जाई." हे तू मला इतक्यांदा म्हणालीस की मला वाटायला लागलं माझं नावच ते आहे. दगड पचवणारी. पाहुण्यांना पण सांगायचीस. भावाला पोळी देताना त्याच्या पोटाची चौकशी, आणि माझं पोट म्हणजे उकिरडा, टाका काहीही.

आणि खरं सांगायचं तर मला तो काला आवडायचा. भावाच्या पोळीसाठी मी भांडायचे ती पोळीसाठी नाही, तुझ्या बघण्यासाठी. पण तेव्हा हे कोणाला सांगता येतं? मी गाडगं चाटूनपुसून खायचे आणि दिवसभर शेतात ढोरासारखी राबायचे. मला कधी ताप आला नाही, कधी पोट दुखलं नाही. गावात जुलाब-ओकाऱ्यांची साथ आली, शेजारच्या घरची सगळी माणसं आडवी झाली, मी त्यांचं पाणी भरत होते. तेव्हाही तू कौतुक केलं नाहीस. म्हणालीस, हिले काय व्हस.

मग माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. आणि भावाचंही लग्न झालं, आणि ती आली. बोदवडकडची. लग्नात मी तिला पाहिलं तर हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, इतकी काडी. नंतर कळलं की तिला संग्रहणी आहे. खाल्लेलं काही टिकत नाही, आणि माहेरच्यांनी ते लपवून ठेवलं. भावकीतल्या बायका तुला सांगायला आल्या, परत पाठवा, फसवलंय त्यांनी. तू त्यांना चहा पाजलास आणि वाटेला लावलंस. त्या वेळी मी तिथे नव्हते, हे मला नंतर भावाने सांगितलं. ऐकून मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं, माझ्यासाठी तू कधी कोणाला असं वाटेला लावलंस?

मी पहिल्या बाळंतपणाला घरी आले ते ऐंशीच्या सुमाराचं साल होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. सासरच्या बायकांनी सांगून ठेवलं होतं, आता तुझी आई तुला तळहातावर ठेवेल. मी आपली पिशवी घेऊन दारात उभी, पोट पुढे, पाय सुजलेले. आणि आत तू भिंतीला टेकून बसलेली. तुझ्या मांडीला टेकून वहिनी. तुझ्या हातात माझं गाडगं. तू काला कालवतेस, बोटांनी अगदी मऊ करतेस, आणि तिच्या तोंडात घास घालतेस. तिच्या डोळ्यांतून पाणी येतंय, ती मान फिरवते, तू दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरून पुन्हा वळवतेस. मला बघून म्हणालीस, "ऊनी का? बस. पानी ले." बस. एवढंच.

जळगावच्या मोठ्या डॉक्टरला तू तिला दाखवून आणली होतीस. त्यांनी औषध दिलं होतं, आणि सांगितलं होतं हलकं द्या, ताक द्या, चहा तोडा, तिखट तोडा. ते तू ऐकलंस. त्यात तुझं शहाणपण काही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. पण भरवायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते तुझं तू करत होतीस. सकाळी, दुपारी, दिवस कलताना. मी पाहत होते. आणि वर काय, तर मी पोटुशी म्हणून मला ताक बंद, दही बंद, शिळं बंद. थंड पडतं, बाळाला बाधतं. म्हणजे माझा काला माझ्या तोंडचा काढून तू तिच्या तोंडात घातलास. मला बाजरीची गरम भाकर वाढलीस, तीसुद्धा सरकवून.

एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हटलं, तिला हात नाहीत का? तू घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलंस. वहिनीने खाली मान घातली. तू म्हणालीस, "जयू नको. तुना पोटमा दगड पचतस, तिना पोटमा पानी ठरत नई." आपल्याकडे ळ चा य होतो, काळ्याचं काया, जळगावचं जयगाव, आणि जळू नकोचं जयू नको. धुळ्यात आल्यावर मी ते बोलणं सोडलं, लोक हसतात म्हणून. पण तो शब्द माझ्या डोक्यात तुझ्याच आवाजात राहिला. कोणाकडे नवी साडी दिसली, कोणाची आई बसस्टँडवर लेकीला जवळ घेताना दिसली, की आतून तू म्हणतेस, जयू नको. आणि मी जयते.

वहिनी बरी झाली. वर्ष गेलं त्यात. मग तिला मुलं झाली, अंग भरलं. आणि तू दोन-तीन वर्षांत गेलीस. तुझ्या तेराव्याला मी आले तेव्हा वहिनी चुलीशी बसून दूध विरजत होती. वाटीतलं जुनं दही चमचाभर घेतलं, कोमट दुधात फिरवलं, झाकलं. मी विचारलं, हे विरजण कोणतं? ती म्हणाली, "आईंचंच. मोडू दिलं नाही." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दही ते दही.

आता माझ्या पोटाचं ऐक. तुझ्या दगड पचवणाऱ्या लेकीचं.

धुळ्यातच देवपुरात, कॉलेजसमोर आमची भज्यांची गाडी आहे, हे तू पाहिलं नाहीस. सकाळी हे कांदा चिरतात, मी पीठ भिजवते. पोरं येतात, मावशी भजी, मावशी पाव. चांगलं चालतं. पण माझं खाणं काय, तर पहाटे चहा-खारी, मग चहा-टोस्ट, दुपारी गार झालेली उरलेली भजी पावात घालून, संध्याकाळी पुन्हा चहा. भाकरी थापायला वेळ कोणाला आहे? उन्हातून आलं की डोकं दुखतं, गोळी. घसा धरला, मेडिकलवाल्याकडून लाल-पिवळी गोळी. दोन खायच्या आणि बरं वाटलं की सोडायच्या. हे सगळे करतात. मग मुदतीचा ताप आला. त्याला जबर औषध लागलं, इंजेक्शनं, पुन्हा गोळ्या. ताप गेला, आणि पोट गेलं. जे खाईन ते पाणी. नाहीतर पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. झोप नाही. अंगावर पुरळ, सारखी सर्दी. वजन असं उतरलं की माझ्याच बांगड्या वर सरकायला लागल्या. चिडचिड वाढली असं मी डॉक्टरांना सांगितलं, तर हे शेजारून म्हणाले, "ती आधीपासूनच होती, ती पोटावर ढकलू नको."

डॉक्टर देवपुरातलेच, शांत माणूस. त्यांनी तपासणी करायला लावली, पोट दाबून पाहिलं, आजवर काय काय औषध घेतलं ते विचारलं. मग काहीतरी लिहून दिलं आणि म्हणाले, पोटातल्या जंतूंचा हा सगळा प्रश्न आहे. बाहेर रस्त्यावर ट्रकचा भोंगा, आत बाकावर पोरं रडताहेत. मी ऐकलं, जंत. बरं, जंत ना, मग त्यात काय. जंतांना काय करायचं ते मला तुझ्याकडूनच माहीत. औषधाची चिठ्ठी मी ब्लाउजमध्ये ठेवून दिली, घरी आले आणि चहाचा पेलाभर एरंडेल प्यायले. तू पाजायचीस तसं, नाक दाबून. पुढचं लिहीत नाही. हे मला रिक्षात घालून परत त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हाला एरंडेल कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात जंत झालेत."

"जंत नाही हो. जंतू. आणि तेसुद्धा झालेत असं नाही, उलट कमी झालेत. चांगले जंतू मेलेत तुमच्या पोटातले."

"चांगले जंतू?" मी आडवी पडूनच विचारलं. "डॉक्टर, मी काय जंतू पाळायला आले का तुमच्याकडे?"

हे म्हणाले, "चौथी शिकली आहे, साहेब. उकार पाचवीला होता."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. त्यांनी सलाइन लावलं आणि बाजूला स्टूल ओढून बसले. म्हणाले, घरी दही लावता ना? चमचाभर विरजणाने पातेलंभर दुधाचं दही कसं होतं? विरजणात जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. तसे माणसाच्या आतड्यात असंख्य असतात. लहानपणापासून वस्तीला आलेले. आपल्याला जे पचत नाही ते तेच पचवतात, वाईट जंतूला जागा मिळू देत नाहीत, अंगाला ताकद देतात. तुम्ही जबर गोळ्या खाल्ल्या, त्या लागणारच होत्या तापाला, पण त्या तणनाशकासारख्या, तणाबरोबर पिकाचं पण नुकसान. आणि त्याच्या आधी वर्षानुवर्षं येता-जाता खाल्लेल्या गोळ्या, त्या मात्र लागत नव्हत्या. शिवाय ह्या जीवांनाही जेवायला लागतं. भाकरीचा कोंडा, भाजीपाला, डाळी, हे त्यांचं जेवण. तुम्ही त्यांना मैदा आणि चहा देता. उपाशी मारलंत.

मी विचारलं, मग पुरळ आणि झोप? ते म्हणाले, त्याचाही संबंध असू शकतो, आतडं बिघडलं की सगळं अंग कुरकुर करतं. पण अजून आम्हालाच पुष्कळ कळायचंय, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मग म्हणाले, "लहानपणी सकाळी काय खायचात?"

मी सांगितलं. गाडगं, दादरची भाकर, ताक, कांदा. सांगताना माझा आवाज भांडल्यासारखा झाला असेल, कारण ते म्हणाले, "चिडता कशाला? उत्तम खायचात. तेच तर पाहिजे. ते खाऊन तर तुमचं पोट लोखंडासारखं झालं होतं. घरचं ताजं दही लावा, पण एकदम पातेलंभर खाऊ नका, थोडं थोडं वाढवा."

माय, मी त्या खाटेवर आडवी पडले होते, हाताला सुई लावलेली, आणि तुझा मला असा राग आला. म्हणजे तूपपोळी नव्हे, ते गाडगंच चांगलं होतं. आता कोणी म्हणेल, बघ, आईने तुला भावापेक्षा चांगलं दिलं. मी नाही म्हणणार. तू जाणून दिलं नव्हतंस. उरलं ते दिलंस. ते चांगलं निघालं हा माझ्या नशिबाचा भाग. आणि भाऊ काही तुपाने मेला नाही, अजून टुणटुणीत आहे, सायकलवर एरंडोलच्या बाजाराला जातो. पण तिला, वहिनीला, तेच गाडगं तू जाणून दिलंस. हाताने दिलंस. एकच काला, मला उरलेला म्हणून आणि तिला औषध म्हणून. हे मला त्या खाटेवर समजलं, आणि इतकी वर्षं नुसती जळत होते ती आता हिशेबाने जळायला लागले.

घरी येऊन दही लावायला घेतलं तर विरजण नाही. हे म्हणाले, कोपऱ्यावर डेअरी आहे, वाटीभर आणतो. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, "का, डेअरीच्या म्हशीने काय वाकडं केलंय?" डॉक्टरांनी सांगितलेलं डोक्यात फिरत होतं. विरजणात जीव असतात, रोज दुधात वाढतात, आजचे उद्याला जन्म देतात. वहिनीने तेराव्याला सांगितलं होतं, मोडू दिलं नाही. म्हणजे तुझ्या हातचं काही या जगात अजून जिवंत असेल तर ते तेवढं. तुझ्या साड्या फाटल्या, चूल गेली, गाडगं कधीच फुटलं. दही लागतंच आहे. आणि ते तिच्याकडे. माझ्याकडे काय आहे तुझं? जयू नको, एवढं.

अंगात जरा बळ आल्यावर मी माहेरी जायला एरंडोलची गाडी धरली. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. पारोळा जाईपर्यंत मनाशी घोकत होते, सरळ मागायचं, विरजण दे, एवढी काय मोठी गोष्ट आहे. मी तोंडाने फटकळ, भर रस्त्यात गिऱ्हाइकाशी भांडणारी. पण दारात पोचले आणि तोंड शिवल्यासारखं झालं. वहिनी ओट्याशी उभी होती. आता गॅस आहे तिच्याकडे. हात कसले भरलेत, दंडावर ब्लाउज घट्ट बसलेला. आणि मी काडी. तिने मला पाहिलं आणि पीठ लागलेला हात तोंडावर नेला.

"अक्का, किती वाळल्या हो तुम्ही."

"पोट बिघडलंय," मी म्हटलं.

"तुमचं? तुमचं पोट?" तिला खरंच खोटं वाटलं. "तुमच्या पोटाच्या नावाने तर मी जेवत होते."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी हातपाय धुतले, बसले. तिने काही विचारलं नाही. भाकर चुरली, वाटीतलं ताक ओतलं, मीठ टाकलं, आणि बोटांनी कालवायला लागली. तुझ्यासारखीच, अंगठ्याने दाबून दाबून. आणि घास करून माझ्या तोंडापुढे धरला.

"मला हात आहेत," मी म्हटलं.

"हात मला पण होते, अक्का. तुमच्या आईने ऐकलं का कधी?"

मी तोंड उघडलं. तुला वाटेल मायेने उघडलं. भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो आंबूस वास.

भरवता भरवता ती बोलत होती. "मला तुमचा इतका राग यायचा तेव्हा. मी घरात नवी, अंगात त्राण नाही, आणि आई प्रत्येक घासाला तुमचंच नाव. 'मनी आंडेर बठ्ठं गाडगं खाई टाके, अन् तुले एक घास जड व्हस?' असं. सकाळी तेच, दुपारी तेच, माझी लेक अख्खं गाडगं संपवायची. माझी लेक पाण्याच्या दोन घागरी एकदम आणायची, माझी लेक साथीच्या रोगात पण उभी होती, माझ्या लेकीसारखं पोट कर. मला वाटायचं ही कोण अशी राक्षसीण आहे. मग तुम्ही आलात बाळंतपणाला, आणि म्हणालात, तिला हात नाहीत का. मला वाटलं, झालं, आता ही दोन घागरी माझ्या डोक्यावर घालते."

मी घास गिळला. विचारलं, "असं म्हणायची ती? माझ्याबद्दल?"

"तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं, माय. मला कसं माहीत असणार? मला तू म्हणायचीस, हिले काय व्हस. आणि तिच्या मांडीला मांडी लावून तिला माझं कौतुक सांगायचीस. वहिनीला वाटलं हे सांगून ती मला बरं वाटवते आहे. मला बरं वाटलं नाही. मला वाटलं, माझं कौतुकसुद्धा तू तिलाच दिलंस. तुझा हात तिला, काला तिला, विरजण तिला, आणि माझ्याबद्दल जे चांगलं होतं तुझ्या मनात तेही तिच्याच कानात घातलंस. मी दारातच उभी होते तेव्हा. सुजलेल्या पायांनी. एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघून म्हणायचं होतंस. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

वहिनीला मी हे बोलले नाही. ती तरी काय करणार होती, तिनेही मागितलं नव्हतं. आणि तिला तुझं प्रेम मिळालं तेही माझ्या नावाचे टोमणे खात खात, हे ऐकून मला थोडा आनंद झाला, हेही लिहून ठेवते. तीही जळत होती. तू दोघींना एकमेकींवर जाळत ठेवलंस आणि स्वतः निघून गेलीस.

मी म्हटलं, "अजून काय म्हणायची?"

"एका बैठकीत सगळं कुठे आठवतं?" ती म्हणाली. "घास घ्या आधी." आणि निघताना स्टीलच्या डबीत विरजण दिलं, न मागता. वर म्हणाली, "गार दुधात घालू नका, करंगळी बुडवून बघा, चटका बसायला नको. आणि उन्हाळ्यात संपवू नका सगळं, चमचाभर राखा."

पहिल्यांदा ते धुळ्यात टिकलं नाही. पिशवीचं दूध, गाडीची धावपळ, एकदा नासलं, एकदा मी दूध फार गरम घेतलं. मी पुन्हा गेले. पुन्हा तिने भरवलं, आणि भरवताना एक आठवण निघाली. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू सवयीने गाडगं भरून ठेवलंस, आणि खायला कोणी नाही म्हणून ते तसंच दिवसभर राहिलं, तू कोणाला हात लावू दिला नाहीस. हे तुला भावाने चिडवायला विचारलं तर तू म्हणालीस, कोंबड्यांना ठेवलंय. वहिनीला ते तू स्वतः सांगितलं होतंस. तिला. मी बसमध्ये पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते, आणि शेजारची बाई मला म्हणाली, ऊन लागतंय तर पडदा ओढा की.

आता मी चहा दोनदाच घेते. सकाळी भाकर थापते, हे कांदा चिरतात तेवढ्या वेळात होते. शेपू, पोकळा, काय मिळेल ती भाजी. मेडिकलवाला विचारतो, मावशी, दिसत नाही हल्ली. डॉक्टर म्हणतात नुसत्या दह्याने नाही, सगळ्याने मिळून फरक पडला, आणि वेळानेही. त्यांना असं सगळ्यांत वाटून सांगायची सवय आहे. पुरळ गेलं. झोप येते. बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्या. चिडचिड आहे तेवढीच आहे, त्यावर हे खूश आहेत, म्हणतात मीच बरोबर होतो.

हे कागद मी कुठे टाकणार नाही. भज्यांच्या रद्दीत गेले तर कॉलेजची पोरं वाचतील. डाळीच्या डब्याखाली ठेवते.

एक राहिलं. वहिनीला अजून वाटतं की मला दही लावता येत नाही. दर पंधरवड्याला मी तिला सांगते, नासलं गं, या धुळ्याच्या दुधात काही राम नाही, आणि ती हसते, भाकर चुरायला घेते, आणि तुझं एखादं बोलणं तिला आठवतं. माझ्या नावाचं, तिच्याकडे पडून राहिलेलं. मी ते एकेक करून वसूल करून आणते. रिकामी डबी धुऊन, पुसून पिशवीत घालते आणि सकाळची एरंडोलची गाडी धरते. घरी फळीवर दही लागलेलं असतं, घट्ट.